न राबणाऱ्या भावाचा वाटा

सार्वत्रिक मूलभूत उत्पन्न म्हणजे राज्याने आपल्या प्रत्येक रहिवाशाला कोणतीही अट न घालता, ठरावीक मुदतीने आणि कायम देत राहायची रोख रक्कम. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला यूबीआय असेही म्हणतात. या व्याख्येतला शब्दन् शब्द काटेकोर आहे. रक्कम रोख असते. धान्य, कूपन किंवा शिलाई मशीन नव्हे. ती कुटुंबप्रमुखाच्या हाती पडत नाही, माणशी मिळते. ती गरिबाला मिळते तशी श्रीमंतालाही मिळते. श्रीमंताकडून ती करातून परत वसूल होते, ही गोष्ट वेगळी. आणि ती मिळवण्यासाठी काम करावे लागत नाही, काम शोधत असल्याचे दाखवावे लागत नाही, काम करता येत नाही हेही सिद्ध करावे लागत नाही.

एवढ्या कसोट्या लावल्या की भारतात चालू असलेल्या जवळपास सगळ्या रोख योजना बाहेर पडतात. महाराष्ट्रात २०२४ साली सुरू झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना महिन्याला १५०० रुपये देते, पण ते २१ ते ६५ वयाच्या स्त्रियांना आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तरच. पीएम-किसानचे वर्षाला ६००० रुपये ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला मिळतात. त्याच शेतात खुरपणी करणाऱ्या बाईच्या खात्यावर काही पडत नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजनेला तर निराधार असल्याचा दाखला लागतो. यातली प्रत्येक योजना आधी विचारते, ‘तू कोण? तुझ्यापाशी काय नाही?’ मूलभूत उत्पन्न हा प्रश्नच विचारत नाही. त्याचा साधेपणा आणि त्याच्याविषयीचा संशय, दोन्हींचे मूळ इथे आहे.

हा संशय पैशाचा नाही, नीतीचा आहे. खर्च किती येईल, महागाई वाढेल का, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी ते नंतरचे. आधीचा प्रश्न असा, की धडधाकट माणसाला न राबता खायचा हक्क आहे का? मराठीत अशा माणसासाठी ऐतखाऊ, आयतोबा असे शब्द तयारच आहेत आणि ‘दे रे हरी पलंगावरी’ ही म्हण तर लहान मुलांनाही ठाऊक असते. ही भावना मराठीपुरती नाही. ज्याला काम करायचे नाही त्याने जेवूही नये, असा नियम संत पॉलने थेस्सलोनिका इथल्या ख्रिस्ती मंडळीला घालून दिला. जवळपास तोच नियम १९३६ सालच्या सोव्हिएत राज्यघटनेच्या बाराव्या कलमात आला. धर्मसंस्था आणि धर्म मोडीत काढू पाहणारी राजवट या दोघांचे ज्यावर एकमत झाले, अशा गोष्टी फार नाहीत.

भारतात या नियमाला सर्वांत गंभीर रूप गांधींनी दिले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी शरीरश्रमाला व्रताचा दर्जा दिला. ही कल्पना त्यांना टॉल्स्टॉयच्या आणि रस्किनच्या लेखनातून मिळाली होती, पण तिचा आधार त्यांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात शोधला. यज्ञ न करता खाणारा चोरीचे अन्न खातो, असे तिथे सांगितले आहे आणि यज्ञाचा अर्थ गांधींनी शरीरश्रम असा लावला. सदावर्तात धडधाकट माणसांना फुकट जेवू घालणे त्यांना पटत नव्हते; अशा अन्नदानाने देणाऱ्याला पुण्याचा आभास होतो आणि घेणारा पंगू होतो, असे त्यांचे मत होते. भारत सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणी अहवालात मूलभूत उत्पन्नावर एक संपूर्ण प्रकरण आले, तेव्हा त्या प्रकरणाचे शीर्षकच महात्म्याशी संवाद अशा अर्थाचे होते. अर्थखात्याच्या सल्लागारांनाही ठाऊक होते, की आकडेमोड जमली तरी गांधींची हरकत ओलांडावी लागणार.

महाराष्ट्राने या हरकतीला मान देणारे एक उत्तर आधीच शोधले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात जो प्रयोग झाला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळाने तिला बळ दिले. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ‘मागेल त्याला काम’ हे तिचे ब्रीद. इथे हक्क आहे, पण तो कामाचा. पैसा मिळतो तो पाझर तलावाच्या भरावावर टाकलेल्या पाट्यांच्या मोजमापावर. खऱ्या गरजूंची निवड आपोआप होते, कारण गरज नसलेला माणूस उन्हात खडी फोडायला येत नाही. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण त्यात निवडीची चाळणी म्हणून कष्टच वापरले जातात. पाठीचा मणका गेलेला, अंगावर पिणारे मूल असलेली, सत्तरी ओलांडलेला, हे चाळणीतून गळतात, आणि त्यांच्यासाठी मग दाखल्यांची दुसरी चाळणी लावावी लागते.

मूलभूत उत्पन्नाचे समर्थक या वादात दोन वेगळ्या वाटांनी शिरतात. एक वाट दयेची आणि सोयीची आहे: गरिबी हटते, दलाल कमी होतात, चुकून कोणी वगळले जात नाही. ही वाट सोपी आहे, पण गांधींच्या हरकतीला तिच्यापाशी उत्तर नाही; भिकेची रक्कम वाढवून आणि ती वेळेवर वाटून भिकेचे रूप बदलत नाही. दुसरी वाट असे म्हणते, की हा पैसा भीक नाही आणि मजुरीही नाही. तो वाटा आहे.

या वाटेवरचे पहिले ठळक नाव टॉमस पेन. अमेरिकन आणि फ्रेंच अशा दोन्ही राज्यक्रांत्यांत वावरलेल्या या लेखकाने १७९७ साली एक पुस्तिका छापली. जमीन कोणी निर्माण केली नाही, तेव्हा मुळात ती सगळ्यांची सामाईक आहे, हा त्याचा पाया. जमिनीत कसणाऱ्याने केलेली सुधारणा त्याची स्वतःची. जमीन मात्र नाही. म्हणून प्रत्येक जमीनधारक समाजाला भुईभाडे देणे लागतो. ते वारसाहक्कावरील करातून गोळा करावे आणि त्यातून वयाच्या एकविसाव्या वर्षी प्रत्येकाला एकदाच १५ पौंड, पन्नाशीनंतर दरवर्षी १० पौंड द्यावेत, असा त्याचा हिशेब होता. श्रीमंतांनाही द्यावेत, कारण ही मदत नाही, गेलेल्या वाट्याची भरपाई आहे. त्याच वर्षी टॉमस स्पेन्स या लंडनच्या फिरस्त्या पुस्तकविक्याने पेनला मवाळ ठरवले. त्याच्या पुस्तिकेत एक आई उमरावाशी वाद घालते आणि तान्ह्या बाळाचाही धरतीवर हक्क आहे असे बजावते. गावच्या सगळ्या जमिनीचा खंड गावाने गोळा करावा आणि सार्वजनिक खर्च भागवून उरेल तो दर तिमाहीला लहानथोर, बाईपुरुष सगळ्यांत सारखा वाटावा, ही त्याची योजना. आजच्या व्याख्येशी ती पेनच्या योजनेपेक्षा जास्त जुळते.

पेनचा युक्तिवाद मराठी वाचकाला परका वाटायचे कारण नाही, कारण त्याचे घरगुती रूप सातबाऱ्याच्या उताऱ्यावर रोज वाचायला मिळते. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात कल्याणी इथे, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्मानेच निर्माण होतो, हा तिचा सिद्धान्त. बंगालात चाललेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभाग’ ग्रंथाप्रमाणे बाप असेपर्यंत मुलाला काही नाही, मिताक्षरेप्रमाणे पाळण्यातले मूलही हिस्सेदार. शतकानुशतके या नियमाने वाटण्या झाल्या. त्यांत थोरला शेतात राबला आणि धाकटा चावडीवर पत्ते कुटत बसला, म्हणून धाकट्याच्या वाटणीची जमीन कमी झाली नाही. लोक त्याला आळशी म्हणाले, नालायक म्हणाले, पण वाट्याला त्यांनी भीक म्हटले नाही.

नियमाची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. धाकट्याचा हक्क वडिलोपार्जित मालमत्तेवर. थोरल्याने स्वतःच्या बळावर मिळवलेले स्वकष्टार्जित, त्यात धाकट्याला हात घालता येत नाही. मूलभूत उत्पन्नाचा नैतिक वाद वस्तुतः या दोन शब्दांमधल्या रेषेवर उभा आहे. समाजाच्या एकूण संपत्तीत वडिलोपार्जित किती आणि स्वकष्टार्जित किती? जमीन, खनिजे, पाणी, हवा वडिलोपार्जित, हे सहज पटते. पण भाषा, गणित, वाफेच्या इंजिनापासून संगणकापर्यंतचे तंत्रज्ञान, रस्ते, न्यायालये, परस्परांवरचा विश्वास, हे कोणाचे? पुण्यातला संगणक अभियंता महिन्याला जे कमावतो ते त्याच बुद्धीने आणि तेवढ्याच कष्टाने तो तेराव्या शतकात कमावू शकला नसता. अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी २००० साली असा अंदाज मांडला होता, की श्रीमंत देशांतल्या माणसाच्या कमाईचा निदान ९० टक्के भाग अशा सामाजिक भांडवलाचे देणे असते. आकडा कोणी खाली ओढू शकेल; तो शून्यावर आणणे अवघड आहे. एकत्र कुटुंबाच्या वादातही हेच घडते: थोरला म्हणतो दुकान माझ्या कष्टाचे, आणि धाकट्याचा वकील विचारतो, गाळा घ्यायला पैसे कुठून आले?

वाट्याची हीच भाषा विनोबा भावे यांनी अर्थशास्त्र बाजूला ठेवून वापरली. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत शंभर एकरांचे पहिले दान मिळाले आणि भूदानाची पदयात्रा सुरू झाली. जमीनदाराला ते म्हणत, तुला पाच मुलगे असतील तर मला सहावा समज आणि माझा वाटा दे. सहाव्या हिश्शाची मागणी त्यातूनच आली. दान या शब्दाचा शंकराचार्यांनी केलेला अर्थही ते आवर्जून सांगत: दान म्हणजे उपकार नव्हे, नीट वाटून देणे. मागणारा गावभर पायी फिरतो, पण पदर पसरत नाही, हिस्सा मागतो. ही भूमिका पेनच्या इतकी जवळ आहे, की मधले दीड शतक आणि मधला समुद्र जाणवत नाही. फरक वसुलीचा आहे. विनोबांची भिस्त देणाऱ्याच्या हृदयपरिवर्तनावर होती, त्यामुळे दानात आलेली बरीच जमीन खडकाळ किंवा वादातली निघाली. पेनची भिस्त करावर होती.

वाट्याची कल्पना प्रत्यक्ष कारभारात उतरलेली सर्वांत ठळक जागा आहे ती अमेरिकेतल्या अलास्का राज्यात. प्रूडो बे इथे १९६८ साली खनिज तेल सापडले. १९७६ साली राज्याने घटनादुरुस्ती करून तेलाच्या स्वामित्वधनाचा काही भाग एका कायम निधीत टाकायला सुरुवात केली आणि १९८२ पासून त्या निधीच्या परताव्यातून प्रत्येक रहिवाशाला, मुलाबाळांसकट, वार्षिक लाभांश मिळू लागला. पहिला लाभांश १००० डॉलरचा होता. मूळ योजनेत जुन्या रहिवाशांना जास्त वर्षांचा जास्त वाटा होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो भेद रद्द केला आणि वाटे सारखे झाले. अलास्कातले लोक राजकारणात बहुतांशी उजवीकडचे, सरकारी मदतीला नाके मुरडणारे. तरी लाभांशाला हात लावू पाहणाऱ्या पुढाऱ्याची ते गय करत नाहीत. हा पैसा त्यांना मदत वाटतच नाही.

गोव्यात हाच विचार लोहखनिजाच्या संदर्भात आला आहे. गोवा फाउंडेशनने लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली खनिजविक्रीच्या किमतीतला दहा टक्के भाग गोव्याच्या कायम निधीत टाकायचा आदेश दिला. त्यापुढे जाऊन ‘गोंयची माती’ या चळवळीने मागणी केली, की खनिज हा पिढ्यांचा ठेवा असल्याने त्याचे पूर्ण मोल निधीत जमा व्हावे आणि निधीचे उत्पन्न प्रत्येक गोवेकराला सारखे वाटावे. खाण म्हणजे उत्पन्न नव्हे, घरातले सोने विकणे, हा तिचा मुद्दा. सोने विकून आलेला पैसा एका भावाने एकट्याने खर्च केला तर त्याला काय म्हणतात, हे सांगायची गरज नाही.

तेल आणि खनिज नसेल तिथे मात्र वाटा द्यायचा तो लोकांच्या चालू कमाईवरच्या करातून, आणि तिथे राबणाऱ्याची तक्रार पुन्हा उभी राहते. या तक्रारीला समकालीन तत्त्वज्ञानात एक प्रसिद्ध चेहरा मिळाला आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९८८ साली लिहिले, की मालिबूच्या किनाऱ्यावर दिवसभर लाटांवर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांनी आपल्या पोटाची सोय आपणच पाहावी. बेल्जियमचे फिलिप व्हान पराइस यांनी १९९१ साली त्या लाटेवरच्या खेळाडूचीच बाजू घेणारा निबंध लिहिला. मूलभूत उत्पन्नाच्या समर्थकांचे युरोपातले जाळे १९८६ साली उभे राहिले, त्यातही ते होते. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: जिथे बरी नोकरी मागेल त्याला मिळत नाही, तिथे बरी नोकरी हीसुद्धा एक दुर्मीळ मालमत्ता आहे. ती मिळालेला माणूस कष्टाचे मोल घेतो, शिवाय जागा अडवल्याचे भाडेही घेतो. खेळाडूने जागेवरचा आपला हक्क सोडला. त्या बदल्यात भाड्यातला वाटा त्याला मिळणे न्याय्य आहे. चपराशाच्या एका जागेसाठी पदवीधरांचे हजारो अर्ज येतात त्या देशात हा युक्तिवाद बेल्जियमपेक्षा लवकर कळावा.

पण लाटेवरचा खेळाडू हे उदाहरण भारताच्या कामाचे नाही. ‘राबेल तो खाईल’ हा नियम इथे कधी नुसता नियम नव्हता. काय राबायचे हे जन्माने ठरत होते. बलुतेदारीत खळ्यावर महाराला धान्याचा वाटा मिळे, आणि त्याला हक्कच म्हणत. पण मेलेली जनावरे ओढणे, सांगावे पोचवणे, सरकारी अंमलदाराने बोलावले तिथे हजर होणे, यांच्याशी तो वाटा जखडलेला होता. काम नाकारले तर बलुते बंद. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते यासाठी, की हा वाटा म्हणजे बेडी होती. वतने कायद्याने गेली ती १९५८ साली. १९३६ सालच्या आपल्या न झालेल्या भाषणात जातिव्यवस्था ही श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे असे त्यांनी मांडले होते. ते लक्षात घेतले तर विनाअट या शब्दाचे वजन कळते. ज्याच्या घरात महिन्याचे काही पैसे न मागता येतात, तो गटारात उतरायला नाही म्हणू शकतो. निदान चार दिवस थांबून भाव ठरवू शकतो. कामापासून सुटका यापेक्षा वाईट कामाला नकार देण्याची ताकद, हा मूलभूत उत्पन्नाचा इथला खरा अर्थ आहे.

लोक आळशी होतील का, या प्रश्नावर प्रयोग पुष्कळ झाले आहेत. त्यांचा निष्कर्ष साधारण एकाच दिशेचा असल्याने फार रेंगाळण्याचे कारण नाही. कॅनडातल्या डॉफिन गावात १९७४ ते १९७९ या काळात कुटुंबांना किमान उत्पन्नाची हमी दिली गेली. ठळकपणे काम कमी केले ते बाळंतिणींनी आणि शाळेत टिकून राहिलेल्या मुलांनी, आणि इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण साडेआठ टक्क्यांनी घटल्याचे पुढे दिसले. फिनलंडने २०१७-१८ मध्ये २००० बेरोजगारांना महिना ५६० युरो दिले; रोजगार घटला नाही, मनःस्वास्थ्य सुधारले. मध्य प्रदेशात ‘सेवा’ संघटनेने इंदूर जिल्ह्यातल्या आठ गावांत २०११ पासून सुमारे दीड वर्ष प्रौढांना आधी २०० आणि मग ३०० रुपये, मुलांना त्याच्या निम्मे दिले. तिथे लोकांनी शेळ्या घेतल्या, बी-बियाणे घेतले, मजुरीऐवजी स्वतःच्या शेतात जास्त वेळ घातला. अर्थात दीड-दोन वर्षांचा प्रयोग आणि जन्मभराची हमी यांत अंतर आहे, आणि प्रयोगातून हक्क सिद्ध होत नाही. धाकटा भाऊ पुढे कष्टाळू निघाला म्हणून काही त्याला वाटा मिळालेला नसतो.

रकमेचा प्रश्न तरीही टळत नाही. आर्थिक पाहणी अहवालाने माणशी वर्षाला ७६२० रुपये, म्हणजे महिन्याला ६३५ रुपये, असा आकडा धरला होता. तोही वरचे पंचवीस टक्के लोक वगळून, आणि तरी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४.९ टक्क्यांवर गेला. एवढ्या पैशात कोणाचे पोट भरत नाही, तेव्हा ‘मूलभूत’ हा शब्द मोठा ठरतो. शिवाय हा पैसा रेशन, खते आणि इतर अनुदाने बंद करून द्यायचा की त्यांच्यावर वाढवून, यावर सगळा अर्थ पालटतो. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली ऋण आयकराची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या माणसाला करखात्यानेच उलट पैसे द्यायची, कल्पना मांडली ती कल्याणकारी खात्यांचा पसारा आवरावा म्हणून. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६७ साली हमीच्या उत्पन्नाची मागणी केली ती गरिबी थेट संपावी म्हणून. एकाच झेंड्याखाली दोन मोर्चे चालतात आणि झेंडा एक असल्याने ते एकच आहेत असा समज होतो. रेशनवरचे पाच किलो धान्य काढून त्याचे पैसे हातात दिले, तर दुष्काळात भाव चढल्यावर त्या पैशाला किती ज्वारी येईल, हा साधा प्रश्न पहिल्या मोर्चाला अडचणीचा जातो.

वाट्याच्या भाषेलाही तिची स्वतःची अडचण आहे. वाटा म्हटला की हिस्सेदार कोण हे ठरवावे लागते. मिताक्षरेने जन्मसिद्ध हक्क दिला तो मुलग्यांना. मुलींना तो महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली मिळाला. तोवर फारशा लोकांना त्यात विसंगती दिसत नव्हती, कारण मुलगी परक्या घरची, असे धरलेलेच होते. मूलभूत उत्पन्नात अशी परक्या घरची माणसे कोण? अलास्कात वर्षभर राहिलेल्याला लाभांश मिळतो. गोव्यातल्या मागणीत गोवेकर कोणाला म्हणायचे, पोर्तुगालला गेलेल्याला की वास्कोच्या बंदरावर तीस वर्षे माल उतरवणाऱ्या कर्नाटकातल्या हमालाला? मुंबईत बिहारच्या गवंड्याने इमारत बांधली तर तिच्यामुळे वाढलेल्या जागेच्या भावात त्याचा वाटा मुंबईत निघतो की दरभंग्यात? आणि जमीन कोणीच निर्माण केली नाही हे पेनचे म्हणणे खरे मानले, तर वाटा राज्याच्या सीमेवर का थांबावा, याचे कारण त्या म्हणण्यात सापडत नाही. स्पेन्सच्या योजनेत हिस्सेदार गावाचे होते, विनोबांच्या मागणीत घराचे. सध्याच्या बहुतेक योजनांत ते मतदारयादीतले असतात.